टेलस्टॉकला पाना लावण्याआधी

दोन सेंटरमध्ये जॉब बांधला, एक कट घेतला, मायक्रोमीटर लावला आणि टेपर निघाला, की बहुतेक टर्नरचा हात आधी जातो तो टेलस्टॉकच्या बाजूच्या बोल्टकडे. इकडचा सैल, तिकडचा घट्ट, पुन्हा कट. टेपर गेला, जॉब पास. दुसऱ्या दिवशी टेपर पुन्हा हजर. हा उपाय चुकीचा नाही, पण तो सगळ्यात शेवटचा आहे. आमच्या कोल्हापुरातल्या शेडमध्ये ही गोष्ट सगळ्यांच्या गळी उतरेपर्यंत बरंच लोखंड भंगारात गेलं.

काम तसं रोजचंच. पंपाचे शाफ्ट, ईएन-८ चे, लांबी ४५० मि.मी., व्यास तिशीच्या आसपास. दोन्ही टोकांना बेअरिंगच्या बैठका, म्हणजे शाफ्ट उलटून बांधणं आलंच. वापरातला तीन जॉचा चक ०.०५ ते ०.१ मि.मी. आउट धावतो, त्यात जॉब उलटला की दोन बैठकांचा अक्ष एक राहत नाही. सेंटरवर मात्र जॉब कितीदाही काढा-घाला, तो त्याच दोन भोकांवर फिरतो. म्हणून असल्या कामाला आजही दोन सेंटर आणि कॅरियर लागतात.

पार्टीची तक्रार आली की शाफ्टवर बुश एका टोकाकडून सहज सरकतो आणि दुसऱ्या टोकाशी अडतो. दिवसपाळीच्या टर्नरला विचारलं तर म्हणाला, “रात्रीच्यानं टेलस्टॉक हलीवलंय बघा, मालक.” रात्रपाळीचा दिवसपाळीकडे बोट दाखवायचा. आणि दोघंही खरं बोलत होते. दोघंही रोज टेलस्टॉक हलवत होते, दोघांचाही जॉब आपापल्या पाळीत बरोबर निघत होता. घोटाळा व्हायचा तो पाळी बदलताना, पहिल्या काही शाफ्टमध्ये.

कारण सापडलं ते टॉर्च लावून टेलस्टॉकच्या बॅरलच्या आत पाहिल्यावर. मोर्स टेपरच्या भोकात, तोंडापासून जरा आत, एक चकचकीत ओरखडा होता आणि त्याच्या कडेला लोखंड वर उचललेलं होतं. बोट आत घातलं तर नखाला लागत होतं. कधीतरी टेपर शँकचं मोठं ड्रिल लावलं असताना ते भोकात फिरलं, त्याची ही खूण. सेंटरच्या शँकवर निळा रंग चोळून आत बसवलं आणि बाहेर काढलं, तर रंग एका बाजूला पुसलेला, समोरच्या बाजूला जसाच्या तसा. म्हणजे सेंटर भोकात तिरकं बसत होतं.

आता पुढचा हिशेब सोपा आहे. दिवसपाळी आखूड डेड सेंटर वापरायची, रात्रपाळी रिव्हॉल्व्हिंग सेंटर. रिव्हॉल्व्हिंग सेंटर बॅरलच्या बाहेर जास्त येतं. तिरपेपणा तोच, पण टोक लांब, म्हणून ते बाजूलाही जास्त सरकतं. टेलस्टॉकचं टोक जितकं बाजूला जाईल त्याच्या दुप्पट फरक व्यासात दिसतो. ०.०३ मि.मी. सरकलं तर एका टोकाचा व्यास दुसऱ्यापेक्षा ०.०६ ने वेगळा. बोल्ट फिरवून दोघं फक्त आपापल्या सेंटरची भरपाई करत होते.

इलाज म्हणजे मोर्स रीमर हातानं, हलकेच, वर आलेली कड जाईल एवढाच फिरवणं. भोक मोठं करायचं नाही. पुन्हा निळा रंग लावून पाहायचं आणि मगच पुढं जायचं. शिवाय टेलस्टॉकमध्ये मोठं ड्रिल लावताना ते फिरणार नाही याची तजवीज करा. नाहीतर ड्रिलिंगची चूक शाफ्टवर दिसत राहते.

टेपर आला की आधी जाड कुठं आहे ते नीट पाहा. मधे जाड आणि दोन्ही टोकांना बारीक असेल तर जॉब टूलच्या दाबानं वाकतोय. तिथं स्टेडी रेस्ट हवा. टेलस्टॉक हलवून काही व्हायचं नाही. टेलस्टॉककडून हेडस्टॉककडे कट घेत असाल आणि हेडस्टॉकच्या बाजूला जाड निघालं, तर टूलची धार पाहा. घासलेलं टूल शेवटाकडे कमी कापतं. टेलस्टॉककडे जाड निघालं तर बॅरल किती बाहेर आलंय ते बघा. वीतभर बाहेर काढलेलं बॅरल टूलसमोर मागं दबतं. कॅरेज अडणार नाही एवढंच बाहेर ठेवा आणि त्याचा लॉक लावल्याशिवाय माप घेऊ नका. एवढं सगळं पाहूनही टेपर राहिला, तरच बोल्टला हात लावा.

तेव्हाही टेलस्टॉकच्या मागच्या शून्य रेघेवर विसंबू नका. ती अंदाजापुरती असते. एक टेस्ट बार घ्या, दोन्ही टोकांना कॉलर ठेवा, मधला भाग खाली उतरवा. क्रॉस स्लाइड न हलवता दोन्ही कॉलरवर हलका कट घ्या आणि मापा. टेलस्टॉककडची कॉलर जाड असेल तर टेलस्टॉक फरकाच्या निम्म्यानं आपल्याकडे, म्हणजे ऑपरेटरच्या बाजूला. बारीक असेल तर पलीकडे. बॅरलला डायल टेकवून ठेवा, किती सरकलं ते डोळ्यांना दिसतं. शेवटी क्लॅम्प घट्ट करून डायल पुन्हा वाचा. क्लॅम्प कसताना टेलस्टॉक थोडा सरकतोच, आणि नेमकं तेच कोणी पाहत नाही.

हेडस्टॉकचं सेंटर जॉबबरोबर फिरतं, त्यामुळे त्याचा दोष टेपरमध्ये दिसत नाही. तो जॉब उलटल्यावर दिसतो, एक बैठक दुसरीच्या मानानं आउट धावते. बरा मार्ग म्हणजे चकमध्ये माइल्ड स्टीलचा तुकडा धरून, कंपाउंड स्लाइड ३० अंशांवर ठेवून तिथल्या तिथं ६० अंशांचं टोक काढणं. ते काम संपेपर्यंत चकमधून काढायचं नाही. काढलं, तर परत लावून पुन्हा एक कट घ्या.

सेंटर ड्रिलबद्दल एकच सांगतो. कोनाचा भाग संपून सरळ भाग आत गेला की भोक वाया गेलं. मग सेंटर कोनावर न बसता नुसत्या कडेवर बसतं. जॉब बांधण्याआधी भोक फुंकून, पुसून घ्या. एक चिप पुरते.

डेड सेंटर वापरत असाल तर ग्रीस भरपूर लावा आणि उष्णतेचा विचार करा. ४५० मि.मी.चा शाफ्ट ३० अंश सेल्सिअसनं तापला तर सुमारे ०.१६ मि.मी. वाढतो. दोन्हीकडून सेंटर, वाढायला जागा नाही. आधी चिरचिर आवाज येतो, मग ग्रीस जळल्याचा वास, आणि पाहावं तो टोक निळं पडलेलं. रफ कट झाला की सेंटर सैल करून, ग्रीस लावून, पुन्हा बेताचं घट्ट करा. जॉब हातानं फिरला पाहिजे, पण हलता कामा नये.

कॅरियरच्या स्क्रूखाली तांब्याची पट्टी द्या, नाहीतर तयार बैठकीवर खड्डा पडतो. त्याचं वाकडं शेपूट फेसप्लेटच्या खाचेत तळाला टेकलं तर जॉब सेंटरवरून उचलला जातो, तेवढं तपासा. आणि हे शेपूट फिरताना दिसत नाही. हातमोजे घालून किंवा बाह्या मोकळ्या ठेवून लेथजवळ उभं राहायचं नाही, मग कट कितीही हलका असो.

आता आमच्या लेथच्या हेडस्टॉकवर एक पाटी टांगलेली आहे. टेलस्टॉक कोणी हलवला तर तारीख, किती हलवला, कुठल्या बाजूला आणि कुठलं सेंटर लावलं होतं, एवढं त्यावर खडूनं लिहायचं. तुमच्याकडे दोन पाळ्या चालत असतील तर अशी पाटी आजच टांगा.