पाठ ११ : परत मागवलेली गाडी

मुलांनो, आधी ही दोन वाक्यं मोठ्याने वाचा.

काकांनी चहा परत मागवला.
कंपनीने गाड्या परत मागवल्या.

दोन्हीकडे 'परत मागवणे' आहे, पण अर्थ एकच आहे का? काकांना आणखी एक कप चहा हवाय. कंपनीला मात्र आणखी गाड्या नकोयत. विकलेल्या गाड्यांमध्ये काहीतरी दोष सापडलाय, म्हणून ती मालकांना सांगते, 'गाडी वर्कशॉपला आणा, आम्ही फुकट दुरुस्त करून देतो.' यालाच रिकॉल म्हणतात. गाडी काही कायमची काढून घेत नाहीत. दुरुस्ती झाली की ती पुन्हा तुमच्या पार्किंगमध्ये.

आजच्या पाठातल्या गाड्या तुम्ही दुबई-शारजाच्या रस्त्यांवर पाहिल्या असतील. पुढे माणसं बसतात आणि मागे सामानासाठी उघडा हौदा असतो, तीच पिकअप. शेव्हरोले सिल्व्हराडो आणि जीएमसी सिएरा ही दोन नावं लक्षात ठेवा. दोन्ही जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीच्या आहेत.

ऑगस्ट २०१७ मध्ये या कंपनीने २०१४ मॉडेलच्या पिकअप परत मागवल्या. एकट्या अमेरिकेत त्या सुमारे ६ लाख ९० हजार होत्या. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०१८ मध्ये, २०१५ मॉडेलची पाळी आली. या वेळी अमेरिकेतला आकडा १० लाखांच्या वर गेला, कारण पिकअपबरोबर टाहो, सबर्बन, युकॉन आणि एस्कलेड या मोठ्या गाड्याही यादीत होत्या. दोष दोन्ही वेळा स्टिअरिंगमध्येच होता.

आता स्टिअरिंगचं काम समजून घेऊ. मी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, त्यामुळे हा भाग जरा लांबला तर सांभाळून घ्या!

एवढ्या जड गाडीची चाकं वळवायला खूप ताकद लागते. जुन्या गाड्यांमध्ये या कामाला मदत म्हणून तेलाच्या दाबावर चालणारा पंप असायचा. नव्या गाड्यांमध्ये विजेची मोटर असते. तुम्ही स्टिअरिंग किती जोराने फिरवताय हे एक सेन्सर मोजतो, छोटा कॉम्प्युटर हिशोब करतो आणि मोटर तेवढी मदत करते. म्हणून तर आई एका हाताने एवढी मोठी गाडी पार्किंगमध्ये लावू शकते.

गाडी हळू चालते आणि वळण मोठं असतं, तेव्हा मोटरला सगळ्यात जास्त वीज लागते. नेमक्या अशा वेळी या गाड्यांमध्ये व्होल्टेज खाली जायचं आणि मोटरची मदत बंद व्हायची. स्टिअरिंग एकदम जड! पण थांबा, खरा धोका पुढे आहे. थोड्याच वेळात मदत परत यायची (इथे 'परत'चा अर्थ कोणता?). ड्रायव्हर बिचारा जड झालेलं चाक सगळा जोर लावून ओढतोय आणि तेवढ्यात ते हलकं होतं. रस्सीखेच खेळताना समोरच्याने अचानक दोरी सोडली तर तुमचं काय होतं, ते आठवा.

२०१८ च्या रिकॉलच्या वेळी कंपनीने सांगितलं की या दोषाशी जोडलेले ३० अपघात तिला माहीत आहेत. त्यात २ जण जखमी झाले होते, मृत्यू कोणाचाही झाला नव्हता. आणि उपाय? ना नवी मोटर, ना नवं चाक. फक्त सॉफ्टवेअर बदललं. वर्कशॉपमध्ये गाडीला वायर जोडायची, नवा प्रोग्रॅम भरायचा, झालं काम. मला यात आनंदही वाटतो आणि भीतीही. चुकीच्या प्रोग्रॅममुळे मोबाईल अडकला तर आपण चिडतो, पण इथे गाडीत माणसं बसलेली असतात.

'हे अमेरिकेत झालं, आपल्याला काय?' असं कोणी विचारेल. समजा, तुमच्या ओळखीच्या एका काकांनी शारजाच्या बाजारातून वापरलेली पिकअप घेतली. विकणारा म्हणाला, 'अमेरिकन स्पेक आहे, स्वस्तात देतो.' अशा कितीतरी गाड्या अमेरिकेतून जहाजाने इथे येतात. रिकॉलचं पत्र मात्र अमेरिकेतल्या मालकाच्या पत्त्यावर जातं. त्याने दुरुस्ती केली नसेल आणि गाडी विकून टाकली असेल, तर दोष गाडीबरोबर समुद्र ओलांडतो. काकांना त्याची कल्पनाच नसते.

हे शोधायचं कसं? मुल्किया हातात घ्या. त्यावर चासी नंबर असतो. तो १७ अक्षरांचा आणि अंकांचा असतो. एक गंमत पाहा. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण ती १ आणि ० सारखी दिसून घोटाळा होतो. अमेरिकन गाडीत दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं: २०१४ साठी ई, २०१५ साठी एफ. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याच्या वेबसाइटवर हा नंबर टाकला, की कोणती दुरुस्ती राहिली आहे ते फुकट कळतं. गाडी जीसीसी स्पेक असेल तर इथल्या अधिकृत डीलरला नंबर सांगून विचारायचं. यूएईच्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दोष कळल्यावर ग्राहकाला तो सांगणं आणि वस्तू परत मागवणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे.

भारतातही असं होतं. जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एस-प्रेसो आणि ईको मिळून ८७,५९९ गाड्या परत मागवल्या. तिथेही शंका स्टिअरिंगचीच होती, पण विजेच्या मोटरची नाही, टाय रॉड नावाच्या दांड्याची. गावी आजोबांकडे ईको असेल तर फोनवर विचारा.

शब्दार्थ
दोष – खराबी, चूक
हौदा – पिकअपचा सामान ठेवायचा भाग
रस्सीखेच – दोन गटांनी दोरी ओढायचा खेळ
घोटाळा – गोंधळ

स्वाध्याय
१. 'परत' हा शब्द दोन वेगळ्या अर्थांनी वापरून दोन वाक्यं लिहा.
२. स्टिअरिंग जड होण्यापेक्षा ते अचानक हलकं होणं जास्त धोक्याचं का? तुमच्या शब्दांत सांगा.
३. घरच्यांच्या मदतीने मुल्कियावरचा चासी नंबर शोधा. दहावं अक्षर कोणतं आहे? (नंबर वहीत लिहू नका, फक्त ते एक अक्षर लिहा.)
४. पाठातल्या काकांना पाच ओळींचं पत्र लिहा. त्यांना गाडी तपासायला सांगायचंय, पण घाबरवायचं नाही. सुरुवात 'ती. काकांना सा. न.' अशी करा.