आजारी लेंकराजवळ बसलेलें माणूस

मुलाच्या मोठ्या दुखण्याविषयीं बोलतांना आपण वैद्याचा व औषधाचा विचार करितों. उशाशीं बसलेल्या आईच्या भाकरीचा बहुधा करीत नाहीं. ह्या पाठांत तोच करूं.

मुकुंदवाडीकरांस घाटीचें सरकारी इस्पितळ शहरांतच आहे. सन २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालयही आहे. तेथें मूल निजलें असतां बाप मजुरी करून सायंकाळीं डबा पोंचवूं शकतो. पण तेंच मूल मुंबईस, परळच्या टाटा रुग्णालयांत पाठवावें लागलें म्हणजे सर्व पालटतें. मुलांत अधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचा उपचार दोन-अडीच वर्षें चालतो, आणि आरंभीचे कित्येक महिने रुग्णालयाजवळच राहावें लागतें. पुष्कळ दिवस मूल खाटेवर नसतें. सुई घेऊन बाहेर पडावें लागतें. बाहेर म्हणजे कोठें? औषधांनीं रक्तांतील पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात, साधा तापही जिवावर बेततो. अशा लेंकराला रस्त्याच्या कडेला निजविणें म्हणजे केलेला उपचार पाण्यांत घालणें होय.

सन २०१२ मध्यें राजीव गांधी जीवनदायी ह्या नांवानें आठ जिल्ह्यांत निघालेली व आतां महात्मा जोतिराव फुले ह्यांच्या नांवानें चालणारी सरकारी योजना उपचाराचा मोठा भार उचलते. परंतु बुडालेली मजुरी, खोलीचें भाडें, गांवीं आजीपाशीं ठेविलेलीं भावंडें हीं तिच्या कागदांत बसत नाहींत. म्हणून औषध फुकट असूनही कित्येक आईबाप मूल अर्ध्यावर घरीं आणितात. त्यांस निष्काळजी म्हणणाऱ्यांनीं एक महिना मुंबईंत मजुरीवांचून राहून पाहावें.

दादरची गाडगे महाराजांच्या नांवाची धर्मशाळा अशा रोग्यांस व त्यांच्या माणसांस आसरा देते. सन २००६ मध्यें निहाल व श्यामा कविरत्ने ह्या दांपत्यानें केवळ कर्करोगी मुलांच्या कुटुंबांसाठीं मुंबईंत सेंट ज्यूडचें काम आरंभिलें. तेथें प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र जागा व स्वतःची चूल मिळते, धान्य मिळतें, आणि भाडें पडत नाहीं. आम्हांस त्यांतील चूल विशेष वाटते. तोंड आलेलें मूल परक्याचें अन्न टाकतें, आईच्या हातची पेज घेतें. रुग्णालयांतील समाजसेवकाकडे अशा जागेची चौकशी पहिल्याच दिवशीं करावी.

शोमरोन्याच्या दृष्टांतांत जखमा बांधल्याचें आपण नेहमीं शिकवितों. त्यानें उतारशाळेच्या धन्याला पैसे दिले, व अधिक लागेल तें परत येतांना फेडण्याचें कबूल केलें, इकडे लक्ष कमी जातें. आपल्या मंडळ्यांचेंही तसेंच आहे. पहिल्या आठवड्यांत फळें घेऊन दहाजण जातात; पांचव्या महिन्यांत कोणी पत्रही धाडीत नाहीं. दरमहा ठरलेली अल्प रक्कम, घरच्या शेळ्यांची राखण, धाकट्यांची शाळा, ह्यांची जबाबदारी कोणीतरी नांवानिशीं घ्यावी.

आणखी एक. कठीण महिने सरले कीं मूल हिंडूं लागतें, केस पुन्हां येतात. मग गांवचे लोक निरोप धाडतात, ‘आतां बरें दिसतें, पेरणीला या.’ रोग त्या वेळीं दिसत नाहीं, पण गोळ्या सोडल्यास उलटूं शकतो, आणि उलटलेला रोग अधिक हट्टी असतो. असा निरोप जाऊं लागला तर उपदेशकानें तो थांबवावा, मंडळींतील चार माणसें घेऊन ती पेरणी उरकावी, आणि औताचें भाडें दानपेटींतून द्यावें.