डागाची साक्ष

भिंतीवर किंवा वस्त्रावर तांबडा डाग दिसला की तो रक्ताचाच असावा, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु पानाची पिंक, कोकमाचे आगळ, लोखंडाचा गंज आणि वाळलेले रक्त यांचे डाग पाहणाऱ्यास अनेकदा फसवितात. एखाद्या निरपराध माणसाचे स्वातंत्र्य किंवा पीडित कुटुंबाचा न्याय अशा डागावर अवलंबून असेल, तर केवळ डोळ्यांच्या भरवशावर निर्णय देणे योग्य नव्हे. म्हणून तो प्रयोगशाळेवर सोपविला जातो.

प्रचलित प्राथमिक चाचणीत डागाचा अंश घेऊन त्यावर फिनॉल्फथॅलीनचे द्रावण व हायड्रोजन पेरॉक्साइड टाकतात. रक्त असल्यास गुलाबी रंग येतो. मात्र काही वनस्पतींचे रस व तांब्याचे क्षारही असाच रंग दाखवू शकतात. शिवाय तपासलेला अंश त्यात खर्ची पडतो. डाग मोहरीएवढा असेल तर ही हानी मोठीच होय.

येथे प्रकाश साहाय्यास येतो. लोलकातून गेलेल्या प्रकाशाचा रंगीत पट्टा, म्हणजेच वर्णपट, आपण शाळेत पाहिलेला असतो. प्रत्येक पदार्थ ठरावीक रंगांचा प्रकाश शोषून घेतो व वर्णपटात तेथे काळे पट्टे उमटतात. रक्तातील लाल द्रव्याचे असे पट्टे जर्मन शास्त्रज्ञ होप्पे-सायलर यांनी १८६२ साली दाखवून दिले. प्राणवायूयुक्त हिमोग्लोबिनचे पट्टे सुमारे ५४२ व ५७७ नॅनोमीटरवर असतात. डाग जुना होतो तसे हिमोग्लोबिनचे रूप पालटते आणि पट्टेही बदलतात. पानाच्या पिंकेत किंवा गंजात हिमोग्लोबिनच नसल्याने हे पट्टे त्यांत आढळत नाहीत.

लाळ, वीर्य व घाम यांचे डाग तर बहुधा नजरेसही पडत नाहीत. त्यांच्यासाठी सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात जाहीर केलेला शोध उपयोगी पडतो. पदार्थावरून विखुरलेल्या प्रकाशाच्या अत्यल्प भागाचा रंग रेणूंच्या कंपनांनुसार बदलतो. डागावर लेसर किरण टाकून हा बदल मोजता येतो. अमेरिकेतील आल्बनी येथील विद्यापीठात इगोर लेडनेव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ पासून या पद्धतीने शरीरद्रव वेगवेगळे ओळखता येतात, असे दाखविले आहे. डाग न खरवडता तपासता येत असल्याने तो पुढील डीएनए चाचणीसाठी शिल्लक राहतो.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. कापडाचा रंग स्वतःच चमकू लागला तर क्षीण रामन संकेत झाकला जातो. तसेच डाग कशाचा हे वर्णपट सांगतो; कोणाचा, हे डीएनए चाचणीच सांगू शकते.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून अमलात आली आहे. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करावा, अशी तरतूद तिच्या कलम १७६ मध्ये आहे. ती टप्प्याटप्प्याने लागू करण्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. परंतु तज्ज्ञ पोहोचण्यापूर्वीच जमीन सारवली वा कपडे धुतले, तर उत्तमातील उत्तम यंत्रही हतबल ठरेल. यास्तव ग्रामस्थांनी घटनास्थळी कशासही हात लावू नये. ओले कपडे सावलीत वाळवून, प्रत्येक कपडा स्वतंत्र कागदी पाकिटात ठेवणे हे तपास अधिकाऱ्यांचे काम आहे. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडून डाग कुजतो. शिक्षकांनी लोलकाचा धडा शिकविताना एवढी गोष्ट विद्यार्थ्यांस अवश्य सांगावी. डागाची साक्ष खरी असते. ती पुसली जाऊ न देणे आपल्या हाती आहे.