टॅबने विभागलेली माहिती

संगणकातील मजकुराची फाईल म्हणजे चिन्हांची एक अखंड रांग असते. त्या रांगेतून नावे, गावे व अंक वेगळे काढून योग्य रकान्यांत मांडण्याच्या क्रियेस ‘पार्सिंग’ म्हणतात.

टंकलेखन यंत्रावर तक्ते सरळ रेषेत मांडता यावेत, यासाठी टॅबची कळ असे. संगणकाच्या ‘आस्की’ संकेतावलीत टॅबचा क्रमांक ९ आणि नव्या ओळीचा १० आहे. टॅबने विभागलेल्या फाईलमध्ये टॅब दोन रकाने वेगळे करतो, तर नवी ओळ दोन नोंदी वेगळ्या करते. पत्त्यांत स्वल्पविराम वारंवार येतो, टॅब मात्र क्वचितच येतो. म्हणून विभाजक म्हणून तो सोयीचा ठरतो.

समजा, एका यादीत नाव, दूरध्वनी व गाव असे तीन रकाने आहेत. सुमनचा दूरध्वनी नाही. तिची नोंद अशी दिसेल :

सुमन [टॅब] [टॅब] वाई

पायथन भाषेत विभाजक न सांगता ‘स्प्लिट’ ही क्रिया वापरली, तर लागोपाठचे दोन टॅब एकच मानले जातात. परिणामी ‘वाई’ हे गाव दूरध्वनीच्या रकान्यात जाऊन बसते. संगणक चूक दाखवत नाही; नोंद मात्र खोटी होते. विभाजक टॅबच आहे असे स्पष्ट सांगितल्यास रिकामा रकाना रिकामाच राहतो.

अंदाज बांधणेही असेच घातक असते. एका मानवी जनुकाचे रोमन लिपीतील चिन्ह ‘मार्च१’ असे होते. एक्सेलमध्ये यादी उघडताच त्याची ‘१ मार्च’ ही तारीख होई. अशा चुका संशोधनपर लेखांच्या तक्त्यांतही शिरल्या. अखेर २०२० साली जनुक नामकरण समितीने अशा जनुकांची नावे बदलल्याचे जाहीर केले. ‘मार्च१’चे ‘मार्चएफ१’ झाले.

म्हणून प्रत्येक मूल्य प्रथम मजकूर म्हणूनच वाचावे. प्रत्येक ओळीतील रकाने मोजावेत. संख्या न जुळल्यास ओळ परस्पर दुरुस्त न करता तिचा क्रमांक दाखवावा. दुरुस्तीचा निर्णय माहिती जाणणाऱ्या माणसाने घ्यावा.

पाठगत प्रश्न

१. सुमनच्या नोंदीत लागोपाठ दोन टॅब का आहेत?
२. ‘संगणक चूक दाखवत नाही, नोंद मात्र खोटी होते.’ हे विधान स्पष्ट करा.