व्ह्यूफाइंडरमधून जमीन दिसत नाही

बंद गिरणीत फोटो काढायला निघालेल्यांना भीती वाटते सापांची, भुतांची, फार तर वॉचमनची. घात होतो तो मागे सरकताना. खातं, म्हणजे यंत्रांचं दालन, अवाढव्य, लेन्समध्ये मावत नाही, म्हणून डोळा कॅमेऱ्याला लावून माणूस एकेक पाऊल मागे घेतो. लालबागच्या एका गिरणीत माझा मित्र असाच मागे सरकला आणि कमरेपर्यंत आत गेला. साचे, म्हणजे माग, भंगारात गेले की मागे राहतात त्यांचे चौथरे, खड्डे आणि जमिनीतून वर आलेले बोल्ट. पावसाळा सरत आला होता. काठोकाठ भरलेल्या खड्ड्यावर जुनं तेल, धूळ आणि कापसाचा भुगा यांची अशी साय धरली होती की फरशीच वाटावी. नडगी बोल्टवर फाटली. त्याला धरून गेटपर्यंत आणलं तर पाळी बदललेली. आम्हाला आत सोडणारा वॉचमन घरी गेला होता आणि नवा, कुलपाची किल्ली हातात घेऊन, विचारत होता, "तुम्हाला सोडलं कुणी?"

तोंडी परवानगीची किंमत एवढीच. मुंबईतल्या बऱ्याच बंद गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या आहेत, बाकीच्या खासगी मालकांच्या. लेखी अर्ज करा, उत्तर येईपर्यंत थांबा. परस्पर शिरलात तर भारतीय न्याय संहितेचं अतिक्रमणाविषयीचं कलम ३२९ आहेच.

दोघं आहोत, म्हणजे झालं, असंही समजू नका. ऑगस्ट २०१३मध्ये महालक्ष्मीच्या ओसाड शक्ती मिलमध्ये कामासाठी गेलेल्या छायाचित्रकार तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला, तेव्हा सहकारी तिच्यासोबत होता. दोष सर्वस्वी गुन्हेगारांचा. पण मालकाचा माणूस बरोबर मागून घ्या आणि परतायची वेळ बाहेर कुणाला तरी सांगून ठेवा. जाड भिंतींआड फोनला रेंज मिळेलच असं नाही.

छपराचे सिमेंटचे पत्रे ॲस्बेस्टॉसचेच आहेत असं धरून चाला. त्यांवर पाय देऊ नका, ते माणसाच्या वजनानं फुटतात. पडलेले तुकडे 'फ्रेम नीट यावी' म्हणून हलवू नका. त्यांचे तंतू फुप्फुसात जाऊन बसतात, आजार उमटायला काही दशकं लागतात आणि तोंडाला बांधलेला रुमाल काही कामाचा नाही. बंद टाक्या आणि बॉयलर यांत तर डोकंही घालू नका. गंजणारं लोखंड आतला प्राणवायू खातं आणि तो कमी झाल्याचं वासावरून कळत नाही.

एवढं करून जायचं कशाला? उजेडासाठी. करवती छपराच्या काचा उत्तरेकडे असतात; थेट ऊन सहसा येत नाही, दिवसभर सारखा, मऊ प्रकाश. कामगाराला तुटलेला धागा नीट दिसावा म्हणून केलेली ही सोय आपल्याला आयती मिळते. फ्लॅश नको, घाई तर नकोच. ट्रायपॉड रोवा. चालताना कॅमेरा गळ्यात, डोळे जमिनीवर. पाणी दिसलं की आधी काठी घालून पाहा.

आणि जाण्यापूर्वी शेजारच्या चाळीत चौकशी करा. १९८२च्या गिरणी कामगारांच्या संपाआधी तिथं साचे चालवलेला एखादा म्हातारा अजून भेटतो. कुठल्या खात्यात कुठलं यंत्र होतं, गटार कुठून जायचं, खड्डे कुठे होते, हे तो खडूनं जमिनीवर काढून दाखवतो.