रिकामी पेटी काय सांगते? जर्मन लष्करी दुर्बीण आणि पुराव्याचा पाठ



दहावीच्या इतिहासात 'उपयोजित इतिहास' हा पाठ आहे. तो शिकवताना मी दरवर्षी मुलांना घरातली एखादी जुनी वस्तू आणायला सांगते. अडकित्ता, पायली, निजामाच्या काळातली नाणी, कंदील असं बरंच काही येतं. गेल्या वर्षी एका मुलाने चामड्याची रिकामी पेटी आणली. रंग काळपट, पट्टा तुटलेला, झाकणाला बक्कल. तो म्हणाला, "मॅडम, माझे पणजोबा फौजेत होते. त्यांनी लढाईतून जर्मन साहेबाची दुर्बीण आणली होती. दुर्बीण हरवली, ही तिची पेटी."

मी चटकन विचारलं, "कशावरून?" वर्ग हसला. मुलाने पेटी दप्तरात टाकली आणि दिवसभर मान वर केली नाही.

प्रश्न बरोबर होता, विचारण्याची पद्धत चुकली. पुरावा मागणं आणि एखाद्याला खोटं पाडणं यातला फरक मुलांना आपोआप कळत नाही, तो शिकवावा लागतो. दुसऱ्या दिवशी मी त्याची सगळ्यांसमोर माफी मागितली आणि त्याच पेटीवर दोन तासिका घेतल्या. त्याच इथे मांडते.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातून

भोकरदन तालुक्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी मोठी लढाई झाली. एका बाजूला शिंदे-भोसल्यांचं सैन्य, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली. नदी ओलांडायला उतार नाही, असं वाटाडे सांगत होते. वेलस्ली स्वतः पाहायला गेला. त्याला नदीच्या दोन काठांवर अगदी समोरासमोर दोन गावं दिसली. त्याने तर्क केला, की इतकी जवळची गावं आहेत म्हणजे लोकांची ये-जा असणार, म्हणजे उतार असणारच. उतार सापडला आणि तिथूनच त्याचं सैन्य पार झालं.

लढाई कोण जिंकलं हा वेगळा विषय. मुलांना मी एवढंच विचारते: त्याला दिसलं काय आणि त्याने ओळखलं काय? दिसली दोन गावं, ओळखला उतार. वाटाड्यांनी सांगितलेलं तिसरंच होतं. पेटीलाही हेच तीन रकाने लावायचे: दिसतं ते, त्यावरून ओळखतो ते, सांगितलं जातं ते.

दुर्बिणीवरच्या खुणा

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन दुर्बिणी जगभर लोक हौसेने जमवतात. जाणकार माणूस विकणाऱ्याची गोष्ट नंतर ऐकतो, आधी खुणा वाचतो.

१. नाव: जर्मन लष्कराच्या दुर्बिणीवर बहुधा 'डीन्स्टग्लास' असा शब्द असतो. अर्थ साधा आहे, सरकारी कामाची दुर्बीण.

२. आकडे: सर्वांत जास्त आढळते ती ६×३०. म्हणजे वस्तू सहापट जवळ दिसते आणि पुढच्या भिंगाचा व्यास ३० मिलिमीटर. ३० भागिले ६ म्हणजे ५. डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा झोत ५ मिलिमीटर रुंद असतो. नौदलाच्या ७×५० दुर्बिणीत तो सुमारे ७ मिलिमीटर होतो. अंधारात आपली बाहुली साधारण तेवढीच मोठी होते, म्हणून रात्रीच्या पहाऱ्याला ती दुर्बीण बरी.

३. तीन अक्षरं: १९४० नंतर कारखान्याच्या नावाऐवजी तीन छोटी रोमन अक्षरं टाकत. 'बीएलसी' म्हणजे येना गावचा झाइस, 'बीईएच' म्हणजे वेट्झलारचा लाइट्झ, 'डीडीएक्स' म्हणजे ब्राउनश्वाइगचा फोइग्टलेंडर, 'सीएजी' म्हणजे ऑस्ट्रियातल्या वाटेन्सचा स्वारोव्स्की. माल शत्रूच्या हाती पडला तरी तो कुठे तयार झाला हे कळू नये, हा हेतू.

पेटी वेगळी, दुर्बीण वेगळी

सुरुवातीच्या पेट्या चामड्याच्या होत्या. पुढे चामडं कमी पडू लागलं, तशा बेकेलाइटच्या आणि दाबून घट्ट केलेल्या लगद्याच्या पेट्या आल्या. म्हणजे पेटीचा माल बघूनही युद्धातल्या टंचाईचा अंदाज येतो. आपल्याकडे पितळेची भांडी जाऊन ॲल्युमिनियम का आलं, हा प्रश्न आजीला विचारावा, तसंच हे.

पण इथेच चूक होते. पेट्या बनवणारे कारखाने वेगळे, दुर्बिणीचे वेगळे. पेटीवर साल असलं तर ते पेटीचं. पुढे सैनिकांनी आणि व्यापाऱ्यांनी अदलाबदलही केली. त्यामुळे १९४१ च्या पेटीत १९४३ ची दुर्बीण सापडू शकते.

बाजारात बनावट मालही खूप. युद्धानंतरच्या साध्या दुर्बिणीवर गरुडाचा शिक्का मारून किंमत वाढवतात. आपल्याकडे 'ब्रिटिशकालीन' म्हणून विकल्या जाणाऱ्या चकचकीत पितळी दुर्बिणी तर उत्तराखंडातल्या रुरकीसारख्या गावी आजही नव्याने तयार होतात. शोभेची वस्तू म्हणून त्या छान आहेत, पुरावा म्हणून नाहीत.

विज्ञान आणि गणिताची तासिका

विज्ञानाच्या सरांनी सोबत घेतलं तर बहार येते. दुर्बिणीच्या नळीत वाकडा खांदा का असतो? कारण आत दोन लोलक असतात. इटलीच्या पोरो यांनी १८५४ मध्ये ही रचना काढली आणि १८९४ मध्ये झाइसने तशा दुर्बिणी बाजारात आणल्या. काचेचा क्रांतिक कोन सुमारे ४२ अंश. प्रकाश लोलकाच्या पृष्ठावर ४५ अंशांनी पडतो, म्हणून पूर्ण आंतरिक परावर्तन होतं. प्रत्येक नळीत असं चार वेळा. त्यामुळे उलटी प्रतिमा सुलटी होते आणि लांब नळीही आखूड होते.

आणखी एक गंमत. काच आणि हवा यांच्या प्रत्येक पृष्ठावर सुमारे ४ टक्के प्रकाश वाया जातो. अशी दहा पृष्ठं असली तर ०.९६ ला दहा वेळा गुणायचं. उत्तर ०.६६. म्हणजे एक तृतीयांश प्रकाश गेला! १९३५ मध्ये झाइसच्या स्माकुला यांनी भिंगावर पातळ थर देण्याची रीत शोधली आणि ही गळती खूप कमी झाली. आजच्या चष्म्यावर निळसर-हिरवी झाक दिसते, ती त्याच तत्त्वाची.

लष्करी दुर्बिणीत डोळ्याला बारीक रेघांची पट्टी दिसते. जर्मन सैन्याने पूर्ण वर्तुळाचे ६४०० भाग केले होते. एक भाग म्हणजे १ किलोमीटरवर जवळपास १ मीटर. का? १००० मीटर त्रिज्येचा परीघ ६२८३ मीटर. तो सोयीसाठी ६४०० धरला, कारण ६४०० ला पुन्हा पुन्हा निम्मं करता येतं.

कृती: दुर्बीण नसली तरी चालेल. ५० सेंटिमीटरचा दोरा घ्या. एक टोक गालाशी, डोळ्याजवळ धरा, दुसरं पट्टीला बांधा. दोरा ताणून एका डोळ्याने पट्टीवर विजेचा खांब मोजा.

अंतर = (खांबाची उंची × ५०) ÷ (पट्टीवरचे सेंटिमीटर)

खांब ८ मीटर उंच आणि पट्टीवर १ सेंटिमीटर दिसला, तर अंतर ४०० मीटर. मग पावलांनी मोजून ताळा करा. आमच्या मुलांचं उत्तर पहिल्यांदा बरंच चुकलं. दोरा ढिला होता!

शिक्क्यावरचं चिन्ह

काही जर्मन वस्तूंवर गरुड आणि त्याखाली नाझींचं चिन्ह असतं. आपली मुलं म्हणतात, "मॅडम, हे तर आपलं स्वस्तिक." हा क्षण सोडू नका. आपल्या उंबऱ्यावरचं स्वस्तिक मंगलाचं आहे. नाझी पक्षाने १९२० मध्ये तशी आकृती आपल्या झेंड्यावर घेतली आणि त्या झेंड्याखाली साठ लाख ज्यूंची हत्या झाली. आकृती सारखी, अर्थ वेगळा, हे मुलांना नीट समजवावं. ते चिन्ह मिरवण्यासाठी कुणी असल्या वस्तू जमवत असेल, तर तो छंद नव्हे.

त्या सुंदर भिंगांमागे माणसंही होती. झाइस आणि लाइट्झच्या कारखान्यांत सक्तीने आणलेले मजूर राबत होते. त्याच लाइट्झच्या मालकांनी ज्यू कामगारांना परदेशी जायला मदत केली. त्यांची मुलगी एल्सी क्यून-लाइट्झ हिने एका ज्यू स्त्रीला पळून जायला मदत केली, म्हणून १९४३ मध्ये तिला अटक झाली. एकाच कारखान्याच्या या दोन्ही बाजू सांगाव्यात. सोयीची एकच सांगू नये.

मग पणजोबांचं काय?

मराठी माणूस जर्मनांशी लढला का? हो, लढला. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे यांनी १० जुलै १९४४ रोजी इटलीत एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली आणि तिथेच त्यांना वीरमरण आलं. नगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनियो नदीकाठी जखमी साथीदारांना पार नेलं आणि शत्रूची ठाणी उडवली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे मुलाची गोष्ट अशक्य नव्हती. पण शक्य असणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे.

पेटी तपासली. झाकणाच्या आत '१९४१' हा आकडा वाचता आला, शेजारची अक्षरं पुसलेली होती. फळ्यावर रकाने भरले:

- दिसतं ते: चामड्याची पेटी, बक्कल, १९४१.
- ओळखतो ते: पेटी युद्धकाळातली असावी. आकार दुर्बिणीला जुळतो.
- सांगितलं जातं ते: ती जर्मन अधिकाऱ्याची होती, पणजोबांनी आणली.

तिसऱ्या रकान्यातलं दुसऱ्यात कसं आणायचं, तेही मुलांनीच सुचवलं: पेन्शनचे कागद, फौजेचं पुस्तक, मेडलवरचं नाव, जुने फोटो, आजीची आठवण लिहून घेणं. तिसरा रकाना पुसायचा नसतो. तो घराचा ठेवा असतो.

पालकांसाठी थोडं व्यवहाराचं

- दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू देऊ नका. डोळा कायमचा जाऊ शकतो.
- शिक्के घासू नका, रंग देऊ नका. खूण गेली की पुरावा गेला.
- दुर्बीण घरी उघडू नका. लोलक हलले तर दोन-दोन प्रतिमा दिसतात.
- पावसाळ्यात चामड्याची पेटी ओल धरते आणि भिंगांवर बुरशी चढते. दोन्ही वेगवेगळे, कोरड्या जागी ठेवा.
- विकत घ्यायचा मोह टाळा. अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय १९९४ पासून सुरू आहे. तिथे महायुद्धातली जर्मन वाहनंही आहेत. सहलीला तिथे न्या.

वर्षअखेरीला आम्ही वस्तूंचं छोटं प्रदर्शन भरवलं. प्रत्येकाने आपल्या वस्तूची चिठ्ठी स्वतः लिहिली. त्या मुलाची चिठ्ठी अशी होती: "चामड्याची पेटी. हिच्यावर १९४१ लिहिले आहे. ही पणजोबांनी लढाईतून आणली असे आमच्या घरी सांगतात. आम्ही कागद शोधत आहोत."

या वेळी कुणी हसलं नाही. आपल्या वर्गात हा पाठ घेतलात तर मुलांनी कोणत्या वस्तू आणल्या आणि तिसऱ्या रकान्यात काय लिहिलं, ते जरूर कळवा.