नकाराचं पत्र नीट वाच

एडिसन, न्यू जर्सी

चि. निनाद यास,


फोनवर तू दोन गोष्टी पुन्हा पुन्हा म्हणालास. एक, ‘माझा स्कोअर ७२० आहे, तरी क्रेडिट युनियनने कार्ड दिलं नाही.’ दुसरी, ‘बाहेरून आलेल्यांना हे असंच वागवतात.’ पहिलीत तथ्य आहे, पण अर्धंच. दुसरी हातात पुरावा असल्याशिवाय बोलू नये. तू चिडलेला होतास म्हणून तेव्हा मी जास्त बोलले नाही. पण माझी सगळी नोकरी क्रेडिट युनियनच्या कर्ज विभागात झाली. टेबलाच्या त्या बाजूला काय चालतं, ते आत्याने नाही सांगायचं तर कोणी?

आधी तुझ्या ७२० बद्दल. फायको स्कोअर ३०० पासून ८५० पर्यंत असतो. इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन या कर्जनोंदी ठेवणाऱ्या तीन ब्युरोंकडे तुझी जी नोंद आहे, तिच्यावरून तो काढतात. परतफेड वेळेवर केलीस का, याला साधारण ३५ टक्के वजन. मर्यादेच्या किती जवळ उसनवारी आहे, याला ३०. खाती किती जुनी, याला १५. उरलेले २० टक्के नव्या अर्जांत आणि कर्जाच्या प्रकारांत वाटलेले. एखादं खातं सहा महिने जुनं होईपर्यंत हा स्कोअर तयारच होत नाही. तुझ्याकडे एकच कार्ड, तेही आठ महिन्यांचं, नेटकं फेडलेलं. त्यावर ७२० येऊ शकतात. बारा वर्षं घराचे हप्ते भरणाऱ्या माणसालाही ७२० च येऊ शकतात. आकडा सारखा असला तरी त्याच्यामागचा पुरावा सारखा नाही, आणि कर्ज देणाऱ्याला पुरावा पाहायचा असतो.

म्हणून क्रेडिट युनियन स्वतःचा वेगळा हिशोब मांडते. त्याला अंतर्गत स्कोअर म्हणतात. ब्युरोचा आकडा त्यातला एक रकाना फक्त. दुसरे रकाने तुझ्या अर्जातून भरतात: उत्पन्न, भाडं, नोकरी किती दिवसांची, महिन्याच्या कमाईतला किती भाग आधीच देण्यात जातो. तिसरे रकाने मात्र त्यांच्या स्वतःच्या दप्तरातून येतात आणि सभासदांचं लक्ष नेमकं तिथेच जात नाही. सभासद होऊन किती काळ झाला? पगार थेट इथल्या खात्यात येतो का, की सभासदत्वाचा पाच डॉलरचा शेअर ठेवून माणूस गायब झाला? खातं कधी उणे गेलं का, चेक परत गेले का? पूर्वी इथून कर्ज घेतलं असेल तर हप्ते कसे आले? सगळी कर्जं मिळून या एका माणसावर संस्थेची किती रक्कम अडकली आहे? प्रत्येक उत्तराला गुण असतात. बेरीज वरच्या रेषेपलीकडे गेली तर संगणकच मंजुरी देतो, खालच्या रेषेखाली गेली तर नकार देतो, आणि मधले अर्ज माझ्यासारखीच्या टेबलावर येतात. कोणत्या उत्तराला किती गुण, हे प्रत्येक संस्थेचं वेगळं असतं, वेळोवेळी बदलतं आणि बाहेर सांगत नाहीत.

आता तुझा अर्ज या नजरेने बघ. सभासद होऊन तीन आठवडे झालेले. पगार दुसऱ्या बँकेत. खात्यात शेअरचे पाच डॉलर. म्हणजे तिसऱ्या प्रकारचे रकाने जवळजवळ कोरे. त्यांनी तुला वाईट ठरवलं नाही रे, तू त्यांना अजून दिसलेलाच नाहीस.

दादाला, म्हणजे तुझ्या बाबांना, हे पटणार नाही, कारण त्याच्या डोळ्यांसमोर गावची पतसंस्था आहे. तिथे संचालक घर ओळखतात, दोन जामीनदार सही करतात आणि काम होतं. इथेही सुरुवात तशीच होती. बोस्टनचे व्यापारी एडवर्ड फाइलीन १९०७ साली हिंदुस्थानात आले होते. १९०४ च्या कायद्यानंतर उभ्या राहत असलेल्या सहकारी पतसंस्था त्यांनी बंगालच्या खेड्यांत पाहिल्या, आणि परत जाऊन अमेरिकेतल्या क्रेडिट युनियन चळवळीमागे पैसा आणि वजन उभं केलं. न्यू हॅम्पशायरमधल्या मँचेस्टर गावात पहिली क्रेडिट युनियन निघाली, तीही त्याच सुमारास. १९३४ मध्ये देशपातळीचा कायदा झाला. तेव्हा सभासदांतूनच निवडलेली कर्ज समिती अर्ज बघायची. एका कारखान्यातले, एका चर्चमधले लोक एकमेकांना ओळखायचे, त्यामुळे ते जमायचं. आज एकेका संस्थेत लाखो सभासद आहेत, नेव्ही फेडरलसारखीत तर कोटीहून अधिक. तिथे कोण कोणाला ओळखणार? समितीतल्या माणसाला जे तोंडपाठ असायचं, त्यातलं जेवढं नोंदीत पकडता आलं तेवढं अंतर्गत स्कोअरच्या या गुणपत्रकात आलं. उरलेलं गळालं. तू आईला दरमहा पैसे पाठवतोस, हे समितीतल्या एखाद्या म्हाताऱ्याने मोलाचं मानलं असतं. गुणपत्रकाला ते कळत नाही. हा त्याचा तोटा आहे आणि मी तो लपवत नाही. पण कोणाचा मेहुणा कोण, हेही त्याला कळत नाही. परक्या देशात आलेल्या माणसाला हे दुसरं अज्ञान सोयीचं पडतं.

आता तुझी दुसरी तक्रार. १९७४ चा समान कर्जसंधीचा कायदा आणि त्याची १९७६ ची दुरुस्ती यांमुळे वंश, वर्ण, धर्म, मूळ देश, स्त्री-पुरुष भेद किंवा वैवाहिक स्थिती पाहून कर्ज नाकारता येत नाही. व्हिसाची मुदत मात्र विचारता येते, कारण परतफेडीच्या काळात तू इथे असशील का, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न आहे. शिवाय अर्ज पूर्ण भरून दिल्यापासून ३० दिवसांत त्यांना निर्णय कळवावा लागतो, आणि नकार असेल तर नेमकी कारणं द्यावी लागतात किंवा ती मागायचा हक्क तुला आहे हे कळवावं लागतं. ‘आमच्या अंतर्गत निकषात बसला नाहीत’ किंवा ‘पुरेसे गुण मिळाले नाहीत’ एवढ्यावर भागत नाही. निकष गुप्त ठेवता येतो, पण तू कशात कमी पडलास ते सांगावंच लागतं.

ते पत्र तुला आलंय. तू ते रागाने चुरगळलंस, असं वहिनी म्हणाली. सरळ कर आणि वाच. ‘कर्जव्यवहाराचा अनुभव मर्यादित’ असं लिहिलं असेल, तर त्यावर काळ हाच उपाय. ‘उत्पन्नाची खातरजमा झाली नाही’ असं असेल, तर फोन कर, पगाराच्या पावत्या दे आणि फेरविचार मागून घे; हे दोन दिवसांचं काम आहे. ‘अलीकडे फार चौकशा’ असं असेल, तर थांब. प्रत्येक अर्जाची चौकशी ब्युरोच्या नोंदीत दोन वर्षं राहते. आणि तुझी नसलेली थकबाकी दाखवली असेल, तर साठ दिवसांच्या आत त्या ब्युरोकडून अहवाल फुकट मागव आणि हरकत नोंदव. चार कारणांवर चार वेगळे उपाय आहेत. पत्र न वाचता दुसरीकडे अर्ज टाकणं हा त्यांपैकी एकाही कारणावरचा उपाय नाही.

पुढे काय करायचं तेही सांगते. पगाराचा काही भाग, अर्धा जरी असला तरी, थेट या खात्यात वळव. खातं उणे जाऊ देऊ नकोस. मग ठेवीच्या तारणावरचं कार्ड माग. पाचशे डॉलर अडकवून ठेवायचे आणि तेवढ्याच मर्यादेचं कार्ड घ्यायचं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. किराणा आणि पेट्रोल त्यावर घे, पूर्ण बिल आपोआप भरलं जाईल अशी सोय कर, आणि बिलाच्या तारखेला त्यावर फार रक्कम दिसू देऊ नकोस. सहा महिने ते वर्षभराने साधं कार्ड माग. बाकी कुठे तोवर अर्ज नको.

आता काही गोष्टी टाळ. या खात्यातून त्या खात्यात पैसे फिरवून उलाढाल दाखवायची युक्ती तुला मित्र सांगतील. पगार मालकाच्या नावाने येतो आणि स्वतःचेच फिरवलेले पैसे स्वतःच्याच नावाने दिसतात. आम्हाला ते एका नजरेत कळायचं. उत्पन्न एक डॉलरनेही फुगवून लिहू नकोस. कर्जाच्या अर्जात जाणूनबुजून खोटं लिहिणं हा इथे केंद्रीय गुन्हा आहे, आणि व्हिसावर असलेल्याने तर त्या वाटेला जाऊच नये. रोज ॲप उघडून आकडा बघणंही सोड. तो तुझी लायकी मोजत नाही.

कार्ड मिळेल तेव्हा करारातलं एक कलम शोध. एका कर्जाचं तारण दुसऱ्या कर्जालाही लागू, असं अनेक क्रेडिट युनियन लिहून घेतात. उद्या तिथूनच गाडी घेतलीस, तर कार्डाच्या थकबाकीसाठी गाडीचा ताबा अडकू शकतो. सही करण्याआधी विचार. केंद्रीय परवान्याच्या क्रेडिट युनियनला कार्डाचं व्याज १८ टक्क्यांच्या वर नेता येत नाही, ही मोठ्या बँकांच्या कार्डांपेक्षा सोय खरी. पण १८ टक्के हेसुद्धा जबर व्याज आहे. थकबाकी ठेवायची नाही, म्हणजे नाही.

आणि वार्षिक सभेची सूचना येईल, ती फेकू नकोस. तिथे लाखभर ठेवीवाल्याला एक मत आणि तुझ्या पाच डॉलरच्या शेअरलाही एकच. कार्ड देण्याचे नियम ज्या संचालकांच्या मंजुरीने होतात, ते त्या मतांवर निवडून येतात. गुणपत्रकातल्या उणिवांबद्दल बोलायची जागा ती आहे, माझा फोन नाही.

सोमवारी दुपारी वेळ काढ, पत्रातली कारणं मला वाचून दाखव, मग फेरविचाराचा अर्ज आपण दोघं मिळून लिहू.

तुझी,
आत्या